राक्षसाचा टोप पिंगट का असतो?

खानापूरकडच्या सोंगी भजनात राक्षसाचं सोंग आलं की आम्ही बारकी पोरं आधी त्याच्या डोक्याकडं बघायचो. तोंडाला काजळ नि शेंदूर फासलेला असायचाच, पण धडकी भरायची ती घायपाताच्या वाखाचा पिंजारलेला, पिंगट टोप बघून. पुढं बैलहोंगलच्या बाजूला एका जत्रेत कन्नड दोड्डाट, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, बघितला. गाणी अर्धीमुर्धी कळली, संवाद त्याहून कमी. तरी राक्षस कोणता, हे कुणाला विचारावं लागलं नाही. डोकं तसंच होतं. सीमाभागात नाटक बघायला बसलेल्या निम्म्या लोकांना समोरची भाषा निम्मीच कळते, त्यामुळं इथं संवादाचं बरंच काम टोपालाच करावं लागतं.

ही खूण फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनय, म्हणजे वेशभूषा आणि रंगभूषा, यावर सविस्तर विवेचन आहे. कुणाला कसली दाढी, कुणाला कोणता मुकुट, विदूषकाला टक्कल, असं सगळं ठरवून दिलेलं. त्यात राक्षस, दानव आणि दैत्य यांचे केस नि डोळे पिंगट करावेत असं सांगितलंय. महाभारतही याला धरूनच चालतं. वनात भीमाच्या वाटेला येणारा हिडिंब तांबड्या केसांचा, तांबड्या दाढीचा. एकचक्रानगरीजवळचा बकासुरही तसाच. व्यासांनी या दोघांना जणू एकाच कपडेपटातून टोप आणून दिलेत.

गंमत पुढं आहे. हिडिंबेला भीमापासून झालेला मुलगा, घटोत्कच, पांडवांच्या बाजूचा. त्याच्या नावाचा एक अर्थ असा लावतात की डोकं घटासारखं आणि त्यावर केस नाहीत. मामा तांबड्या केसांचा म्हणून खलनायक, भाचा टकला म्हणून आपल्यातला! कथाकारानं हे जाणूनबुजून केलं असेल असं मी म्हणत नाही, पण राक्षसाला नायकाच्या पक्षात आणायचं तर त्याचे पिंगट केस अडचणीचे ठरतात, एवढं यातून दिसतं.

पिंगट म्हणजे वाईट, असा सरळ हिशेब मात्र नाही. अंबिकेनं ज्यांना बघून डोळे मिटले ते व्यासही कपिल, म्हणजे तांबूस-पिंगट, जटांचे आणि पिंगट दाढीचेच होते, आणि तिच्या डोळे मिटण्यामुळं धृतराष्ट्र आंधळा जन्मला. भिववणारं डोकं इथं ऋषीचं आहे. पतंजलीनं, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, महाभाष्यात ब्राह्मणाची लक्षणं सांगताना गोरा, शुद्ध आचाराचा, पिंगल आणि कपिलकेश अशी यादी दिलीय. आणि मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची जी यादी आहे, तिची सुरुवातच ‘कपिला’ कन्येपासून होते. कुल्लूकभट्टानं टीकेत त्याचा अर्थ कपिल केसांची असाच लावलाय. म्हणजे तोच रंग पुरुष ब्राह्मणाच्या डोक्यावर गुण, मुलीच्या डोक्यावर दोष आणि रंगमंचावर राक्षसपण. रंग एकच, डोकं कुणाचं त्यावर किंमत. स्थळं बघायला जाणाऱ्या आमच्याकडच्या बायका ‘केस जरा भुरेच आहेत हो’ असं हळू आवाजात म्हणतात, तेव्हा त्यांनी मनुस्मृती वाचलेली नसते, पण यादी चालू असते.

कन्नडमध्ये तर हाच रंग थेट देवाचा. शंकराच्या तांबूस जटांना ‘केंजेडे’ म्हणतात. ‘केंपु’ म्हणजे तांबडा, ‘जडे’ म्हणजे जटा किंवा वेणी. बाराव्या शतकातल्या अक्कमहादेवीच्या एका वचनात या झळाळत्या केंजेडेंचं वर्णन येतं, आणि ते वर्णन तिच्या प्रियकराचं आहे, भीतीचा लवलेशही नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या नावानं वाढवलेल्या जटाही तेलावाचून, फणीवाचून तांबूस होतात. त्या जटांनी कितीतरी मुलींची आयुष्यं बांधून टाकली. कर्नाटकानं 1982 साली देवदासी समर्पणाला बंदी घालणारा कायदा केला, तो विषय वेगळा आणि मोठा. इथं सांगायचं इतकंच की ज्या केसाला बघून लोक पाया पडतात, तोच केस भजनातल्या सोंगाच्या डोक्यावर गेला की पोरं आईच्या पदराआड लपतात.

मग या रंगात भिववणारं आहे तरी काय? माझ्या मते उत्तर तेलात आहे. आपल्याकडं घरातला केस म्हणजे काळा, तेल लावलेला, विंचरलेला. उन्हातान्हात राहणाऱ्याचे, तेल न मिळणाऱ्याचे केस भुरे होतात. पोटाला कमी पडलं तरी होतात: सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी 1933 साली पश्चिम आफ्रिकेतल्या मुलांचा जो आजार वैद्यकासमोर मांडला, त्या क्वाशिओरकोरमध्ये काळे केस तांबूस, निस्तेज होतात. चिकोडी-अथणीकडं ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेल्या पोरांची डोकी बघितली की जुन्या कथाकाराला ‘रानातला’ माणूस कसा दिसत असेल याचा अंदाज येतो. राक्षस रानात राहतो, तेल लावत नाही, घरचा नाही. पिंगट रंगात आधी परकेपण आहे, दुष्टपण त्याच्या मागून आलं असावं. आणि दुसरं कारण साधं, खर्चाचं. घायपाताचा वाख काय, ताग काय, मुळातच पिंगट असतो. नायकाचा टोप काळा करायला रंग लागतो, राक्षसाचा तसाच चालतो.

मराठी रंगभूमीवर हा राक्षस कन्नड मुलखातूनच नव्या जोमानं आला. उत्तर कन्नडमधल्या कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि 1843 साली ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. त्या धाटणीच्या नाटकांना लोक ‘अललडुर्र’ नाटकं म्हणायचे, कारण राक्षस तसं ओरडत यायचा. त्याच 1843 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. पुढं त्यांच्या संगीत नाटकानं ही आरडाओरड मागं सारली. 1882 च्या ‘सौभद्र’मध्ये राक्षस आहे, पण तो घटोत्कच, कृष्णाच्या सांगण्यावरून काम करणारा. पिंगट टोपाचा राक्षस शहरातल्या थिएटरातून उतरला आणि गावच्या भजनात, दोड्डाटात जाऊन राहिला. तिथं तो अजून आहे.

युरोपात हीच गोष्ट लाल केसांवर बेतली. रोमन प्रहसनातल्या लबाड गुलामाला लाल केस असत. मध्ययुगात येशूचा घात करणाऱ्या यहूदाला चित्रकार लाल केसांचा रंगवू लागले, खरं तर बायबलमध्ये त्याच्या केसांचा रंग कुठंही दिलेला नाही. शेक्सपिअरच्या एका नायिकेला प्रियकराचे केस फसव्या रंगाचे वाटतात तेव्हा तिच्या चुलत बहिणीलाही यहूदाच आठवतो. डिकन्सचे फेगिन आणि युराया हीप, दोघेही लाल केसांचे. लाल केसांची माणसं जगात शेकडा एक-दोनच, आणि त्यामागच्या एमसी1आर या जनुकाचा संबंध 1995 साली उलगडला. तोवर या माणसांनी किती टोमणे खाल्ले असतील! तिकडं लाल केस दुर्मीळ, इकडं पिंगट. चार लोकांत जो वेगळा दिसतो, त्याच्याकडं बोट जातं.

सिनेमा काळापांढरा होता तोवर ही सगळी खूण निकामी झाली, कारण पडद्यावर पिंगट काय आणि करडं काय. खलनायक मिशीवर, सिगारेटच्या धुरावर ओळखावा लागला. रंग आल्यावर (कन्नडमधला पहिला पूर्ण रंगीत चित्रपट 1964 चा) केस परत कामाला लागले, पण या वेळी वाख नव्हे, सोनेरी विग. हिंदीत क्लबमध्ये नाचणारी व्हॅम्प सोनेरी विग घालायची आणि नायिका काळी लांब वेणी. हेलनचे विग आठवा. राक्षस रानातून यायचा, व्हॅम्प विलायतेतून; दोन्हीकडं घराबाहेरचंच डोकं. मराठी ग्रामीण चित्रपट मात्र या भानगडीत फारसा पडला नाही. निळू फुल्यांचा पाटील किंवा सरपंच आपल्याच गावातला, पांढऱ्या टोपीतला, केस झाकलेले. सीमेपलीकडच्या कन्नड पडद्यावर वज्रमुनीही आवाजानं आणि डोळ्यांनी घाबरवायचे. गावातला माणूस वाईट निघतो तेव्हा टोप लागत नाही, हे या दोघांना बघणाऱ्यांना नीट ठाऊक आहे. म्हणून की काय, हिडिंबापेक्षा त्यांची भीती जास्त वाटायची.

आता बेळगावच्या कुठल्याही सलूनमध्ये कॉलेजची पोरं केस सोनेरी करून घेतात, आणि घरी आजोबा ‘हे काय राक्षसागत’ म्हणून कपाळाला हात लावतात. मागच्या गणपतीत आमच्या भजनात असाच एक पोरगा आला. सोंगांची वाटणी चालली होती. पेटीवाले काका म्हणाले, “तुला टोप नको बघ, तू राक्षसच हो.”

“न्हाई काका, मी किस्न होतो. बासरी येत्या मला.”

शेवटी त्याच्या सोनेरी डोक्यावर काळा टोप चढवला, वर मोरपीस. राक्षसाला यंदा बाजारातला नायलॉनचा टोप आणला होता. तो निघाला काळाच, म्हणून त्यावर हळद टाकली.