बिल्ड स्क्रिप्टमध्ये अटीवर प्रॉपर्टी बदलणे

बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर कसं तयार करायचं ते टूलला सांगणारी फाईल, आणि तिच्यातली प्रॉपर्टी म्हणजे नाव दिलेली एक व्हॅल्यू. डेटाबेस कुठे आहे, व्हर्जन कोणतं, तयार झालेली फाईल कोणत्या फोल्डरात टाकायची, असं सगळं तिच्यात राहते. ही व्हॅल्यू मशीन पाहून, ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) पाहून, एखादी फाईल आहे की नाही ते पाहून ठरवायची, याला अटीवर प्रॉपर्टी बदलणे म्हणतात. नवीन पोरं इथं लय अडकतात, आणि ते इफ-एल्स येत नाही म्हणून नाही, तं एकाच प्रॉपर्टीला दोनदा व्हॅल्यू दिली की कोणती टिकते हा नियम प्रत्येक टूलचा वेगळा आहे म्हणून. हा नियम आधी समजून घ्यावा, कंडिशन मग आपोआप जमते.

आता समजा पांढरकवड्याच्या बाजूला एखाद्या जिनिंगसाठी काटापावतीचं सॉफ्टवेअर बनवून राहिले. काट्यावरच्या खोलीत विंडोजचा जुना पीसी, पोराच्या लॅपटॉपवर लिनक्स, आणि लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरही जाते, म्हणून बिल्डला नेट भेटेलच असं नाही. डेटाबेसचा पाथ दोन्हीकडे वेगळा. दोन स्क्रिप्टा ठेवल्या तं दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागली असताना एकीत केलेला बदल दुसरीत राहून जाते. स्क्रिप्ट एकच पाहिजे आणि तिनंच ओळखलं पाहिजे की आपण कुठं चालून राहिलो.

अँटमध्ये (जावाचं बिल्ड टूल, टॉमकॅट या जावा सर्व्हरच्या कामातून निघालेलं, २००० साली वेगळं आलं) प्रॉपर्टी एकदा सेट झाली की संपलं, पहिला जिंकते. खाली दुसऱ्यांदा लिहिलं तं एरर येत नाही, नुसतं दुर्लक्ष होते, आणि त्याच्यामुळेच माणूस तासभर शोधत बसते. म्हणून इथं बदलायचं नसते, सेट करायच्या आधीच ठरवायचं राहते, आणि त्यासाठी कंडिशन नावाचा टास्क (स्क्रिप्टमधली तयार कमांड) आहे: प्रॉपर्टीचं नाव द्या, अट खरी असली तं व्हॅल्यू, खोटी असली तं एल्स. आपल्या उदाहरणात अट म्हणजे ओएस टॅगमध्ये फॅमिली विंडोज, व्हॅल्यूत काट्याच्या पीसीचा पाथ, एल्समध्ये लॅपटॉपचा. बस. फाईल आहे का ते अव्हेलेबल पाहते, आणि एखादा सर्व्हर लागते का तेही एचटीटीपी किंवा इजरीचेबल या अटींनी तपासता येते, खेड्यात बसून काम करणाऱ्यानं हे दोन जरूर शिकावे. कमांड लाईनवर मायनस डी लावून दिलेली व्हॅल्यू स्क्रिप्टच्या आधी सेट होते, म्हणून तीच टिकते.

अँटच्या टार्गेटवरचा (टार्गेट म्हणजे टास्कचा नाव दिलेला गट) इफ मात्र नीट समजून घ्या. तो प्रॉपर्टीची व्हॅल्यू पाहत नाही, ती सेट आहे की नाही एवढंच पाहते, म्हणजे प्रॉपर्टीत फॉल्स लिहिलं तरी टार्गेट चालते! व्हर्जन १.८ पासून डॉलर आणि महिरपी कंस लावून लिहिलं तं ट्रू-फॉल्सही पाहते. आणि डिपेंड्समधले, म्हणजे आधी चालवायचे म्हणून लिहिलेले, टार्गेट त्या इफच्या आधीच चालून जातात, इफ त्यांना अडवत नाही.

एमएसबिल्डमध्ये (मायक्रोसॉफ्टचं बिल्ड टूल) बरोबर उलटं, फाईल वरून खाली वाचली जाते आणि शेवटचा जिंकते. म्हणून तिथं जवळपास कोणत्याही ओळीवर कंडिशन लावता येते, आणि सगळ्यात जास्त दिसणारी अट म्हणजे 'ही प्रॉपर्टी रिकामी असली तरच ही व्हॅल्यू टाक'. तुलना करताना दोन्ही बाजूंना सिंगल कोट टाकायची सवय ठेवा. कमांड लाईनवरून आलेली व्हॅल्यू इथंही साध्या ओळीनं पुसता येत नाही.

मेक तं या सगळ्यांचा आजा, स्टुअर्ट फेल्डमननं १९७६ साली बेल लॅब्समध्ये लिहिलेला. जीएनयू मेकमध्ये (त्याचा लिनक्सवर सर्रास दिसणारा प्रकार) प्रश्नचिन्ह-बरोबर (?=) लिहिलं की आधी काही नसेल तरच व्हॅल्यू बसते, आणि इफइक्यू (दोन व्हॅल्यू सारख्या आहेत का पाहणारी अट) फाईल वाचतानाच ठरते, रेसिपी म्हणजे प्रत्यक्ष कमांडा चालताना नाही.

मेव्हनमध्ये (हेही जावाचं बिल्ड टूल) इफ नाही, प्रोफाईल म्हणजे सेटिंगचे गट आहेत. जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट), ओएस, प्रॉपर्टी किंवा फाईल पाहून प्रोफाईल चालू होते आणि आपल्या प्रॉपर्ट्या घेऊन येते. अॅक्टिव्ह बाय डिफॉल्टवर जास्त भरवसा ठेवू नये, कारण त्याच पॉममधली (मेव्हनची बिल्ड फाईल) दुसरी प्रोफाईल चालू झाली की डिफॉल्टवाली गुपचूप बंद होते. ग्रेडल या बिल्ड टूलमध्ये पूर्ण प्रोग्रामिंगची भाषाच हातात आहे, साधा इफ लिहा, फक्त टास्कच्या बाहेर लिहिलेला इफ कॉन्फिगरेशनच्या (स्क्रिप्ट वाचून तयारी होण्याच्या) वेळीच चालते, टास्क चालायच्या आधी.

कोणती गोष्ट प्रॉपर्टीत टाकू नये हेही तितकंच महत्त्वाचं. कापसाचा भाव, ओलाव्याची कपात (सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ ते १२ टक्क्यांचा हिशेब राहते) हे बिल्डमध्ये कधीच नको, ते सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पाहिजे, नाही तं भाव बदलला की नवीन बिल्ड घेऊन काट्यावर पळा. पासवर्डही नको.

व्हॅल्यू नेमकी कोणती बसली हे अंदाजानं ठरवू नका, छापून पाहा. अँटमध्ये इको, एमएसबिल्डमध्ये मेसेज, जीएनयू मेकमध्ये इन्फो. मेव्हनमध्ये हेल्प प्लगइनचं अॅक्टिव्ह-प्रोफाईल्स चालू प्रोफाईल दाखवते, पण ते प्लगइन स्वतःच पहिल्यांदा नेटवरून उतरते, म्हणून तालुक्याच्या गावी चांगलं नेट असताना एकदा चालवून ठेवा, मग गावात ऑफलाईनही चालते.