नवा रॉक अल्बम कानाला का टोचतो? आवाजपातळीच्या वादाची पार्श्वभूमी

बडोद्यात विद्यापीठाच्या आवारात रॉक संगीतावर व्याख्यान झालं आणि त्यात जुन्या अल्बममधल्या एखाद्या गाण्यामागोमाग नुकत्याच आलेल्या अल्बममधलं गाणं ऐकवलं, की प्रश्नोत्तरांत एक तक्रार हमखास येते: जुनं मोकळं वाटतं, नवं पहिल्या सेकंदापासून अंगावर येतं आणि तिसऱ्या गाण्याला कान थकतात. कुणी याचं खापर एमपीथ्रीवर फोडतं, कुणी संगणकावर रचलेल्या ड्रम्सवर. मूळ मात्र मास्टरिंगच्या, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवण्याच्या, टेबलावर आहे. गेल्या तीसेक वर्षांत तिथे काही निर्णय जाणूनबुजून घेतले गेले. त्या निर्णयांमागचं कारण आता जवळपास संपलेलं असताना सवय तेवढी उरली आहे.

सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली तेव्हा आवाज किती मोठा असावा हे गवयाचा गळा आणि दिवाणखान्याची लांबी-रुंदी यांवर ठरत असे. पुढे ७८ च्या तबकड्या आल्या. आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाज खाँ यांची गायकीही त्यात तीन-साडेतीन मिनिटांत बसवावी लागली. वेळेची ती कात्री सर्वांना ठाऊक आहे. आवाजपातळीची चढाओढ मात्र पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या ज्यूकबॉक्सपासून, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रापासून, सुरू झाली. यंत्राचा आवाज दुकानदार एकदाच लावून ठेवायचा. मग ज्या ४५ च्या तबकडीत खाच जास्त जोरात कापलेली असेल, ती शेजारच्या तबकडीपेक्षा उठून दिसायची.

एलपीवर या चढाओढीला लगाम होता. आवाज वाढवला की खाच रुंद होते, खाच रुंद झाली की एका बाजूवर मावणारा वेळ घटतो. म्हणून चांगल्या पातळीवर कापायचं तर बाजूला २० ते २२ मिनिटं धरायची. त्यापुढे गेलं तर आवाज खाली आणावा लागे, नाहीतर सुई उडे. शेवटचं गाणं लेबलाजवळच्या आतल्या वळणात येतं, तिथे ‘स’ आणि झांजा फाटतात. म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवायची पद्धत पडली. जुन्या रॉक अल्बममधला गाण्यांचा क्रम लावताना हाही विचार असायचा. कॅसेटचा लगाम वेगळा होता. खाली सूंऽऽ असा टेपचा आवाज आणि वर टेप भरून जाण्याची सीमा. पण टेप भरताना हळूहळू गोलाई येते, एकदम कडा तुटत नाही, त्यामुळे जोरात भरलेली कॅसेटही कानाला सुसह्य लागे.

१९८२ मध्ये सीडी आली आणि दोन्ही लगाम सुटले. १६ बिटांत तत्त्वतः ९६ डेसिबलच्या आसपास जागा, सूं नाही, सुई उडण्याची भीती नाही. फक्त छत पक्कं: शून्य डेसिबलच्या वर आकडाच नाही, तिथे लाट सपाट कापली जाते. पहिल्या दहा वर्षांत ही जागा मोकळीच राहिली. ड्रमचा ठोका छताजवळ जाई, बाकी संगीत त्याच्या बऱ्याच खाली असे. मग १९९४ मध्ये पुढचं ‘बघणारा’ डिजिटल लिमिटर सॉफ्टवेअरमध्ये आला. येणारा ठोका तो क्षणभर आधी पाहतो, नेमका तेवढाच दाबतो आणि मग सगळं संगीत एकदम वर उचलता येतं. तीन-चार डेसिबलपर्यंत हे सहसा कळतही नाही. सहा-सातच्या पुढे स्नेअर ड्रमचा ‘टाक्’ जाऊन ‘थप्’ उरतो, पायाने वाजवायच्या किक ड्रमबरोबर बेस आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा होतो आणि झांजांना वाळू चोळल्यासारखी खरखर येते.

एवढी हानी दिसत असताना सगळे त्या वाटेने का गेले? कारण कानाचा स्वभाव. १९३३ मध्येच मोजून दाखवलं गेलं होतं की आवाज वाढला की खर्ज आणि तार बाजू तुलनेने जास्त भरीव ऐकू येतात. दोन नमुने शेजारी वाजवले तर एखाद्या डेसिबलने मोठा असलेला ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि ऐकणाऱ्याला तो मोठा आहे हे जाणवतही नाही. पाच सीडींचे चेंजर घराघरांत आल्यावर ही तुलना रोज होऊ लागली. ‘रेडिओवर आपलं गाणं मागे पडेल’ हे कारण मात्र मुळातच लंगडं होतं. १९७५ पासून एफएम केंद्रांकडे स्वतःची प्रक्रियायंत्रं होती, ती प्रत्येक गाणं एकाच पातळीवर आणत. आधीच दाबलेलं गाणं त्यांतून मोठं होऊन निघत नसे, फाटून निघे.

सप्टेंबर २००८ मध्ये हा वाद चव्हाट्यावर आला. मेटालिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम सीडीवर आला आणि त्याच सुमारास त्यातली गाणी एका गिटारच्या व्हिडिओ गेमसाठीही दिली गेली. गेमला वेगवेगळे ट्रॅक लागतात, म्हणून तिथे अंतिम दाबणी झालेली नव्हती. श्रोत्यांनी दोन्ही लाटा संगणकावर शेजारी लावल्या. गेमची लाट दात असलेल्या कंगव्यासारखी, सीडीची सपाट विटेसारखी. पुन्हा मास्टर करा म्हणून हजारो सह्या जमल्या. मास्टरिंग करणाऱ्याने मात्र कळवलं की मिक्सच, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र केलेली जुळणीच, त्याच्याकडे आधी दाबून आलं होतं. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण मिक्समध्ये ठोका एकदा गेला की मास्टरिंगवाला तो परत आणू शकत नाही.

यावर उतारा टीव्हीच्या बाजूने आला. जाहिरात लागली की आवाज उसळतो या तक्रारीवर २००६ मध्ये बीएस १७७० ही मोजपट्टी ठरली. ती लाटेचं शिखर मोजत नाही, कानाला सरासरी किती मोठं वाटतं ते मोजते. त्यासाठी ४०० मिलिसेकंदांचे तुकडे घेतले जातात, खर्ज थोडा वगळला जातो, वरच्या पट्टीला थोडं जास्त वजन दिलं जातं. पुढच्या सुधारणेत सरासरीपेक्षा १० एककांहून खालचे तुकडे हिशेबातून काढण्याची सोय झाली. या मोजपट्टीचं एकक एलयूएफएस. आकडे छतापासून खाली मोजले जातात, म्हणून उणे २३ हे उणे १४ पेक्षा लहान आवाजाचं. २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारणासाठी उणे २३ ही पातळी ठरली.

संगीतसेवांनी मात्र उणे २३ घेतलं नाही, आणि आजचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. फोनचा अँप्लिफायर लहान, ऐकणारा बसमध्ये किंवा रस्त्यावर. इतक्या खालच्या पातळीवर आवाज पुरणार नाही ही अडचण खरी होती. २०१५ मध्ये ध्वनिअभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने उणे १६ ते उणे २० हा पट्टा सुचवला. स्पॉटिफायने २०१७ मध्ये आपली पातळी साधारण उणे ११ वरून खाली आणली, पण थांबली उणे १४ वर. यूट्यूबही तिथेच आहे. ॲपल म्युझिकमधली गाणी एका पातळीवर आणणारं ‘साउंड चेक’ हे सेटिंग उणे १६ च्या आसपास काम करतं. उणे १६ हाच सर्वांचा आकडा झाला असता तर रॉकचं भलं झालं असतं. बँड एकत्र वाजत असताना ड्रमचा ठोका सरासरीच्या १४-१५ डेसिबल वर सहज जातो. छताखाली एक डेसिबल मोकळा ठेवला तर उणे १४ मध्ये ठोक्याला १३ च मिळतात. म्हणजे न दाबलेलं मिक्स तिथे पुरतं मावत नाही.

त्याहून मोठं नुकसान गैरसमजाने केलं. उणे १४ ही वाजवण्याची पातळी आहे, मास्टर करण्याची नाही. तरी लहान स्टुडिओंत ‘उणे १४ ला करून द्या’ अशी मागणी सर्रास होते आणि ती निमूट पाळलीही जाते. सेवा काय करते ते एका हिशेबात स्पष्ट होतं. एक मास्टर उणे ७ चा, शिखर उणे १ वर. सेवा तो ७ डेसिबल खाली आणते, शिखर उणे ८ वर येतं. दुसरा मास्टर उणे १२ चा, शिखर तेवढंच. तो २ डेसिबल खाली येतो, शिखर उणे ३ वर. आता दोन्ही सरासरीने सारखेच मोठे वाजतात, पण दुसऱ्यातला ठोका पहिल्यापेक्षा ५ डेसिबल उंच उठतो. पहिल्याने दाबून जे कमावलं ते सेवेने काढून घेतलं, आणि जे गमावलं ते गेलंच. म्हणून उणे ७ चा आग्रह आता निरर्थक आहे. पण याचा अर्थ सगळ्यांनी उणे १४ वर यावं असाही नाही. दाट गिटारचा, भिंतीसारखा आवाज हाच ज्या बँडचा बाज आहे, त्याचं गाणं उणे ९ वर बरोबर बसू शकतं. तो निर्णय गाणं ऐकून घ्यायचा असतो.

अल्बमच्या बाबतीत ही चूक आणखी महाग पडते. प्रत्येक गाणं वेगवेगळं उणे १४ वर आणलं की संथ गाणं आणि सर्वांत जड गाणं एकाच उंचीचे होतात, मग अल्बमला चढ-उतार राहत नाही. खरं तर अल्बम क्रमाने ऐकला तर स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांना एकच बदल लावतं. समजा अल्बम एकूण उणे १०, त्यातलं जड गाणं उणे ९, संथ गाणं उणे १४. सगळं ४ डेसिबल खाली येतं: जड उणे १३, संथ उणे १८, दोघांतलं अंतर शाबूत. तीच गाणी प्लेलिस्टमध्ये किंवा शफलवर आली की प्रत्येक स्वतंत्रपणे उणे १४ वर जातं. दोन विद्यार्थी एकाच अल्बमवर भांडतात तेव्हा एकाने तो क्रमाने ऐकलेला असतो आणि दुसऱ्याने तुकड्यांनी, हे कारण बरेचदा पुरतं.

शिखर उणे १ वर ठेवण्यामागेही कारण आहे. फाइलमधले आकडे छताखाली असले तरी आकड्यांमधून परत लाट तयार होताना ती मध्येच वर जाऊ शकते, आणि एएसी किंवा ऑग या लहान आकाराच्या फाइल-प्रकारांत बदलताना आणखी थोडी उसळते. उणे १४ हून मोठ्या मास्टरला स्पॉटिफाय उणे २ सुचवतं ते यासाठीच. आणि ‘एलपीवरची आवृत्ती जास्त मोकळी’ हा दावा फक्त डीआर मीटरच्या, म्हणजे शिखर आणि सरासरी यांतलं अंतर मोजणाऱ्या मीटरच्या, आकड्यावर करू नये. तोच मास्टर एलपीवर कापून परत रेकॉर्ड केला तरी लाटेच्या फेजमध्ये, म्हणजे तिच्यातल्या लहान लाटा एकमेकींशी जुळण्याच्या वेळेत, बदल होतो आणि मीटर काही अंक जास्त दाखवतो. दाबलेलं संगीत त्यामुळे सुटत नाही.

आवारातल्या श्रवणसत्रांत निम्मी गडबड मात्र अल्बमची नसते, जोडणीची असते. सर्वांत घातक चूक अशी: लॅपटॉपच्या हेडफोन भोकातून निघालेली स्टिरिओ वायर एकाच मोठ्या पिनने मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खोचणं. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक घेतं. डावं वजा उजवं झालं की मधोमध ठेवलेलं सगळं पुसलं जातं: गायक, बेस, किक, स्नेअर. उरतात दोन टोकांच्या गिटार आणि गायकाच्या आवाजाची घुमणारी सावली. मग श्रोते मिक्स वाईट आहे म्हणतात. उपाय सोपा: लहान स्टिरिओ पिनमधून दोन वेगळ्या मोनो पिना काढणारी वायर, दोन चॅनल, एक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे, किंवा स्टिरिओ डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉपचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी पेटी. सभागृहाची व्यवस्था मुळातच मोनो असेल तर टोकांच्या गिटार मधल्या आवाजांच्या तुलनेत साधारण ३ डेसिबल खाली जातात हे धरून चालावं. एकच बाजूची वायर लावली तर एक गिटार गायबच होते.

तुलना करायची तर आधी दोन्ही गाण्यांची एकूण एलयूएफएस पातळी मोफत मीटरवर काढावी आणि मोठ्याला फरकाएवढं खाली आणावं. लहानाला वर उचलू नये, ते छताला लागेल. लॅपटॉपमधलं ध्वनी ‘सुधारणारं’ सेटिंग बंद करावं. ब्राउझरमधून वाजवताना सेवेची समपातळी लागू असेलच असं नाही, म्हणून उतरवलेली फाइल बरी. मधल्या रांगेत सरासरी ८० डेसिबलच्या आसपास पुरे.

सभागृहाची घुमणूकही हिशेबात घ्यायला हवी. भाषणासाठी बांधलेल्या, गुळगुळीत भिंतींच्या सभागृहात नाद विरायला दोन सेकंद लागत असतील आणि गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल, तर स्नेअरचे दोन ठोके एका सेकंदाच्या अंतराने येतात. तेवढ्यात आधीचा ठोका ३० डेसिबलच विरलेला असतो. मोकळ्या मास्टरमध्ये मधली ही फट ऐकू येते. दाबलेल्या मास्टरमध्ये ती गिटारच्या थराने आधीच भरलेली असते, त्यात भिंतींची भर पडते, आणि हेडफोनवर चालून जाणारं गाणं तिथे असह्य होतं. श्रोत्यांनी भरलेलं सभागृह बरंच शोषून घेतं, म्हणून रिकाम्या सभागृहात लावलेली पातळी कार्यक्रम सुरू झाल्यावर पुन्हा पाहावी लागते.

२०२१ पासून आणखी एक आवृत्ती रूढ होत आहे: डॉल्बी ॲटमॉस या चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या ध्वनिपद्धतीतलं मिक्स. त्याची पातळी उणे १८ हून वर देता येत नाही. त्यामुळे एकाच नव्या अल्बमचं दाट स्टिरिओ आणि मोकळं ॲटमॉस असे दोन अवतार एकाच सेवेवर शेजारी असतात, आणि फोन व हेडफोन पाहून कोणतं वाजवायचं ते ॲप बरेचदा स्वतःच ठरवतं. व्याख्यानाला जाण्याआधी अल्बम ऐकून जाणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन आपण यातलं कोणतं ऐकलं ते तपासून घ्यावं. सभागृहात वाजेल ते बहुधा स्टिरिओ असेल.