मामांची पोटरी रक्त मागते तेव्हा

निपाणीचे आमचे मामा. हयात तंबाखूच्या वखारीत गेली. घरून बसस्टँडकडे निघाले की एका ठरावीक वळणावर थांबायचे. पोटरीत गोळा यायचा, दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की जायचा आणि तेवढंच अंतर चाललं की पुन्हा यायचा. घरचे म्हणायचे, वय झालं. खरं तर पायाच्या धमनीत चरबीचे थर साचून ती अरुंद झाली होती.

बसलेल्या पायाला एवढ्या वाटेनं येणारं रक्त पुरतं. चालताना मागणी कित्येक पटींनी वाढते. ती भागली नाही की स्नायूंतून अ‍ॅडेनोसिन, पोटॅशियम आणि आम्ल बाहेर पडतं. यांचाच मारा वेदनेच्या नसांवर होतो आणि यांच्यामुळेच आसपासच्या बारीक धमन्या सैलावतात. दुखणं आणि मदतीची हाक एकाच रसायनांतून निघते, हे मला फार विलक्षण वाटतं.

वाहतं रक्त धमनीच्या अस्तराला घासतं, तेव्हा अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात धमनी रुंदावतो. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. शिवाय एचआयएफ नावाचं प्रथिन आहे. एरवी पेशी ते तयार होताच मोडून टाकते. प्राणवायू घटला की ते टिकून राहतं आणि नव्या केशवाहिन्या फुटण्याचा निरोप देतं. पेशी प्राणवायूची कमतरता कशी ओळखतात, याच्या उलगड्याला २०१९ चं नोबेल मिळालं.

मोठी धमनी तुंबली की मुख्य भार मात्र जुन्याच आडवाटांवर, म्हणजे आधीपासून असलेल्या बारीक जोडधमन्यांवर येतो. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं की गाड्या गावांतल्या रस्त्यांनी वळतात, तसंच. फरक इतकाच की धमनीची आडवाट रक्ताच्या ओघानं स्वतःच रुंद होत जाते. त्याला आठवडे, महिने लागतात.

म्हणून डॉक्टरांनी मामांना चालायलाच सांगितलं. बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा निघायचं. आठवड्यातून तीनदा, अर्धा-पाऊण तास, निदान बारा आठवडे. आणि बिडी बंद. धुरामुळे अस्तराचं नायट्रिक ऑक्साइड घटतं, कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. ज्या गावाचं पोट तंबाखूवर चाललं, तिथे हे सांगणं जड जातं. तरी सांगायलाच हवं. पाय बसल्या जागी किंवा रात्री झोपेत दुखू लागला, बोटाची जखम भरेना, तर चालण्याच्या भरवशावर राहू नये, लगेच दवाखाना गाठावा.

चौथ्या महिन्यात मामा ते वळण न थांबता ओलांडून गेले. आता ते पुढच्या चहाच्या गाड्याशी थांबतात.