आत्मा शरीरापासून वेगळा आहे का: एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

"आत्मा आहे ना, मग दाखवा" ही मागणी सायन्स आल्यानंतरची आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून हा वाद नेहमी जुने श्रद्धाळू विरुद्ध नवे विज्ञानवाले असा रंगवला जातो. पण पाली दीघनिकायात (बौद्धांच्या जुन्या ग्रंथसंग्रहात) पायासी नावाच्या राजाचं एक सुत्त, म्हणजे प्रवचन, आहे (राजा म्हणजे कोसलच्या पसेनदी राजाच्या हाताखालचा, सेतव्या नगरीचा), ते वाचलं की हा समज टिकत नाही. पायासीचं म्हणणं सरळ होतं, परलोक बिरलोक काही नाही, मेला तो संपला. आणि नुसतं म्हणून तो थांबला नाही, त्याने करून बघितलं. एका चोराला जिवंत रांजणात घातलं, तोंडाला ओलं कातडं बांधलं, वरून ओल्या मातीचा जाड थर दिला आणि रांजण विस्तवावर चढवला. माणूस मेल्याची खात्री झाल्यावर रांजण उतरवून तोंड हळूच उघडलं, जीव बाहेर पडताना दिसतो का बघायला. काही दिसलं नाही. दुसऱ्या एका चोराचं जिवंतपणी वजन केलं, मग गळा आवळून मारलं आणि परत वजन केलं, तर त्याच्या म्हणण्याप्रमाणे प्रेत उलट जास्तच जड भरलं. मरायला टेकलेल्या पापी नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं की नरकात गेलात तर येऊन सांगा, एकही आला नाही.

क्रूरपणा बाजूला ठेवणं अवघड आहे, तरी ठेवला तर हा माणूस आजच्या कुठल्याही संशयवाद्याइतकाच पक्का आहे. त्याला उत्तर देणारा कुमार कस्सप नावाचा भिक्खू तर त्याहून हुशार. तो म्हणतो, दुपारी तू झोपतोस, स्वप्नात बागेत फिरून येतोस, तेव्हा शेजारी बसलेल्या दासींना तुझा जीव जाता-येताना दिसतो का? जिवंत माणसाचा दिसत नाही तर मेलेल्याचा कसा दिसेल. नरकात गेलेला नातेवाईक परत का आला नाही, तर पकडलेल्या गुन्हेगाराला जल्लाद घरी निरोप द्यायला सोडतात का? बघा, यात पुरावा काहीच नाहीये, कस्सप फक्त एवढंच दाखवतोय की तुझी टेस्टच चुकीची आहे. पुढची दोन-अडीच हजार वर्षं हा वाद बहुतेक वेळा असाच चाललाय, एक बाजू टेस्ट लावते आणि दुसरी म्हणते ही टेस्ट या गोष्टीला लागूच होत नाही. जैन परंपरेतही जवळपास हीच गोष्ट आहे, तिथे राजा पएसी आणि केशी श्रमण, आणि तिथे जिवंत आणि मेलेल्याचं वजन सारखंच भरतं.

म्हणजे शंका ही श्रद्धेइतकीच जुनी. कठोपनिषदात नचिकेता यमाला विचारतो ते हेच, की माणूस मेल्यावर काही जण म्हणतात तो असतो, काही म्हणतात नसतो, खरं काय ते सांग, आणि प्रत्यक्ष यम सुरुवातीला टाळाटाळ करतो, म्हणतो देवांनाही यात शंका होती, दुसरं काहीतरी माग. छांदोग्यात इंद्र आणि विरोचन दोघंही आत्मा शिकायला प्रजापतीकडे जातात, ३२ वर्षं राहतात, प्रजापती म्हणतो पाण्यात बघा, दिसतो तो आत्मा. विरोचन खूश होऊन घरी जातो आणि असुरांना सांगतो की शरीर हाच आत्मा. इंद्राला अर्ध्या वाटेत खटकतं, शरीर आंधळं झालं तर आत्माही आंधळा होणार का, म्हणून तो परत येतो, आणि असं करत करत त्याची एकूण १०१ वर्षं जातात. चार्वाकांनी विरोचनाचीच बाजू नीट मांडली. पृथ्वी, आप, तेज, वायू यांपैकी एकातही जाणीव नाही, पण ती एकत्र आली की जाणीव तयार होते, जशी मद्य बनवायच्या पदार्थांत सुटी नशा नसते पण आंबवल्यावर येते. आज ज्याला इमर्जन्स म्हणतात ते याहून फार वेगळं काही सांगत नाही. चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे गेले, त्यांची मतं आपल्याला मुख्यतः विरोधकांच्या खंडनातून कळतात, त्यामुळे त्यांची खरी ताकद किती होती याचा अंदाज कमीच लागत असणार.

बुद्धाने तर तिसरीच वाट घेतली. जीव आणि शरीर एकच का वेगळे, हा प्रश्न त्याने उत्तर न देता ठेवलेल्या प्रश्नांच्या यादीत टाकला, आणि कायमचा असा आत्मा नाही पण कर्माची साखळी पुढे चालू राहते असं सांगितलं. म्हणून पायासीची गंमत अशी की तिथे परलोकाची बाजू लढवणारा भिक्खू स्वतः नित्य आत्मा न मानणाऱ्या परंपरेतला आहे. सगळे भारतीय पहिल्यापासून आत्मा मानत आले वगैरे जे म्हणतात त्यांनी हे जरा वाचावं.

आता माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो सहसा निसटतो. आत्मा आहे की नाही यावर जेवढं भांडण झालं त्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग गोष्ट ही की आत्म्याकडे कामं कोणती दिली होती, आणि ती एकेक करून कशी काढून घेतली गेली.

न्यायवाल्यांचा (न्याय हे तर्कावर भर देणारं जुनं भारतीय दर्शन) आत्मा भरपूर काम करणारा. न्यायसूत्रात इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख, ज्ञान ही आत्म्याची खूण सांगितली आहे. त्यांचा एक युक्तिवाद मला अजूनही भारी वाटतो: जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली तीच आता हाताने चाचपतोय असं मला कळतं, डोळ्याला स्पर्श कळत नाही आणि हाताला रंग कळत नाही, मग "तीच" म्हणणारा कोण? दोन्ही ठिकाणी हजर असलेला कोणीतरी पाहिजे. सांख्य या दुसऱ्या दर्शनवाल्यांनी मात्र रेघ भलतीकडेच मारली. त्यांच्याकडे बुद्धी, अहंकार, मन हे सगळं प्रकृतीच्या बाजूला, म्हणजे जडाच्या बाजूला, आणि पुरुष (म्हणजे त्यांचा आत्मा) हा फक्त साक्षी, तो काही करत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे ब्रेनवाले येतात तेव्हा उपयोगी पडतो.

ग्रीसमध्ये इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विषाचा प्याला दिला, त्या शेवटच्या दिवसाचं जे वर्णन प्लेटोने केलंय त्यात आत्मा अमर आहे यावरच चर्चा चाललीय, आणि तिथेही सिमियास नावाचा माणूस भर तुरुंगात विचारतो की आत्मा म्हणजे वाद्याच्या सुरासारखा असेल तर, वाद्य फुटल्यावर सूर कुठे राहतो? ॲरिस्टॉटलने वेगळंच केलं, त्याच्याकडे आत्मा म्हणजे जिवंत शरीराची रचना, रूप. वनस्पतीचा आत्मा वाढवतो, प्राण्याचा संवेदना आणि हालचाल देतो, माणसाचा त्यावर विचारही करतो. म्हणजे पचन सुद्धा आत्म्याचं खातं! ११व्या शतकात इब्न सिना या मुस्लिम तत्त्वज्ञाने कल्पना करायला सांगितली की एक माणूस पूर्ण वाढलेला, हवेत तरंगतोय, काही दिसत नाही, ऐकू येत नाही, स्वतःचे हातपायही एकमेकांना लागत नाहीत, तरी त्याला "मी आहे" हे कळेलच, मग हा मी शरीर कसा? ख्रिस्ती धर्मात तर मूळ भर शरीरासकट पुन्हा उठण्यावर होता, सुटा आत्मा उडून जाणं हे चित्र बरंचसं प्लेटोकडून आलंय.

मग १७व्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त. १६४१ च्या पुस्तकात त्याने मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्यं म्हणून मांडली, पण ते करताना पचन, रक्त, हालचाल हे सगळं सरळ यंत्राच्या खात्यात टाकलं, प्राणी म्हणजे तर यंत्रच, आत्म्याकडे उरला फक्त विचार. बहुतेक लोक त्याला आत्म्याचा वकील समजतात, पण आत्म्याची एवढी मोठी कामंकपात दुसऱ्या कोणी एका फटक्यात केली नसेल.

आणि त्याला पकडलं ते कुठल्या नास्तिकाने नाही, बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ, हेगमध्ये घरच्यांबरोबर निर्वासित म्हणून राहत होती, वय २४. मे १६४३ मध्ये तिने पत्र लिहिलं, अतिशय नम्रपणे, की आत्म्याला आकार नाही, तो कशाला टेकत नाही, मग तो शरीराला हलवतो कसा? ढकलायचं तर स्पर्श लागतो. देकार्तने जडपणाचं उदाहरण देऊन बघितलं (वजन स्पर्शाशिवाय वस्तूला खाली नेतं, तसं), ते तिला पटलं नाही. जूनमध्ये तिने लिहिलं की निराकार वस्तू शरीर हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच आकार आहे असं मानणं मला सोपं जाईल. देकार्तचं पुढचं उत्तर साधारण असं की याचा फार विचार करू नका, रोजच्या जगण्यात ते आपोआप कळतं. म्हणजे हात वर केले! नंतर १६४९ मध्ये त्याने मेंदूतली पिनिअल ग्रंथी हे आत्म्याचं मुख्य ठिकाण ठरवलं, कारण बाकीचे भाग जोडीने आहेत आणि ही एकच आहे, पण त्याने ठिकाण सांगितलं, कसं ते नाहीच सांगितलं. एलिझाबेथचा प्रश्न आजही तसाच उभा आहे.

१९व्या शतकात उरलेली कामंही जायला लागली. १३ सप्टेंबर १८४८ ला अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्यातून एक लोखंडी पहार आरपार गेली, साधारण सहा किलोची. तो वाचला, पण डॉक्टर हार्लोने लिहून ठेवलंय की मित्र म्हणायला लागले हा आता गेज राहिलाच नाही. (नंतर तो बराच सावरला असावा, चिलीमध्ये घोडागाडी चालवायचं काम त्याने काही वर्षं केलं, त्यामुळे ही गोष्ट फुगवून सांगतात तेवढी सरळ नाही.) १८६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर ब्रोकाने दाखवलं की मेंदूच्या डाव्या बाजूचा ठराविक भाग खराब झाला की बोलणं जातं. आणि १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या पेशंटची सर्जरी झाली, फिट्स थांबवायला मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या अवयवाचा दोन्ही बाजूंचा मोठा भाग काढला, त्यानंतर २००८ मध्ये मरेपर्यंत नवीन आठवण अशी जवळजवळ तयारच झाली नाही. ज्या स्मृतीच्या जोरावर न्यायवाले आत्मा सिद्ध करत होते ती स्मृती चाकूने काढता येते हे कळल्यावर न्यायाचा आत्मा आणि देकार्तचा आत्मा दोघंही अडचणीत येतात. सांख्यांचा पुरुष येत नाही, कारण त्याच्याकडे स्मृती, स्वभाव, भाषा यातलं काही नव्हतंच. पण मग त्या साक्षीत "माझं" असं काय उरलं, आणि तो मेल्यावर टिकला तरी मला काय फायदा, हा प्रश्न त्यांना विचारायलाच लागेल.

याच काळात पायासीचा तराजूही परत आला. मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरहिलच्या डंकन मॅकडुगल या डॉक्टरने मरणासन्न पेशंटचा पलंगच काट्यावर ठेवला आणि १९०७ मध्ये रिझल्ट छापले. २१ ग्रॅमचा जो आकडा सगळीकडे फिरतो तो यातलाच, पाऊण औंस, आणि तो फक्त पहिल्या पेशंटचा. एकूण पेशंट सहा, त्यातले दोन त्याने स्वतःच बाद केले, बाकीच्यांचं एकमेकांशी जुळत नाही. मग १५ कुत्र्यांवर करून बघितलं, वजन कमी झालं नाही, तर निष्कर्ष काय, कुत्र्यांना आत्मा नाही. क्लार्क नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने लगेच घामाचा मुद्दा काढला, श्वास थांबला की शरीर गार करायची एक सोय जाते, माणसाला घाम येतो, कुत्र्याला तसा येत नाही. तरी २१ ग्रॅम काही मरत नाही.

आत्मवाद्यांचं सगळ्यात टिकाऊ उत्तर मात्र वेगळं आहे, आणि तेही जुनंच. मेंदू बिघडला की जाणीव बिघडते, म्हणून मेंदूच जाणीव तयार करतो असं ठरत नाही. ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्य म्हणतात की दिवा असला की दिसतं, नसला की दिसत नाही, म्हणून बघणं हा दिव्याचा गुण होत नाही, दिवा फक्त साधन. १८९०च्या दशकाच्या शेवटी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने हार्वर्डमध्ये जवळपास तेच मांडलं, मेंदू जाणीव निर्माण करत नसेल, फक्त आत येऊ देत असेल. लॉजिक म्हणून हे खोडता येत नाही, मान्य. पण दारू, ताप, भूल, ट्यूमर यांनी जाणिवेचा इतका बारीक तपशील बदलतो की नुसतं "साधन" म्हणून भागवणं दरवेळी महाग पडत जातं, निदान मला तरी.

१९७५ मध्ये रेमंड मूडीच्या पुस्तकामुळे मरता मरता वाचलेल्यांचे अनुभव गाजले आणि तेव्हापासून पारडं परत हलतं ठेवायचा प्रयत्न चालू आहे. २००२ मध्ये जिनिव्हात ओलाफ ब्लँकेच्या टीमने एपिलेप्सीच्या पेशंटच्या मेंदूत एका ठिकाणी हलका करंट दिला तर तिला आपण वर तरंगतोय आणि खाली पलंगावर आपलेच पाय दिसतायत असं वाटलं. सॅम पार्निया यांच्या अवेअर स्टडीत तर हॉस्पिटलच्या खोल्यांमध्ये उंच फळ्या लावून त्यावर फक्त छतावरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. २०१४ ला रिझल्ट आले: हृदय बंद पडल्याच्या २०६० केसेस, त्यातून वाचून बोलू शकलेले १४०, आणि त्या वेळचं बघितलं-ऐकलं ते नेमकं सांगणारे दोन. दोघांचंही हृदय बंद पडलं ते फळी नसलेल्या खोलीत. म्हणजे टेस्ट चांगली होती पण झालीच नाही!

आणि फिलॉसॉफीवाले आता आत्मा हा शब्द सहसा वापरत नाहीत. डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये वेगळाच प्रश्न पुढे केला, स्मृती, भाषा, लक्ष हे सगळं मेंदूने समजावलं तरी ते चालू असताना आतून काहीतरी "वाटतं", ते मुळात कशामुळे? ते स्वतः मेल्यावर उरणाऱ्या आत्म्याबद्दल बोलत नाहीयेत, हे त्यांची वाक्यं फॉरवर्ड करणाऱ्यांनी बघावं. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्तोफ कोख यांनी त्यांच्याशी पैज लावली होती की २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची नेमकी खूण सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेजवर कोख यांनी हार मान्य केली आणि चामर्सना वाइन दिली. पण ते "म्हणून आत्मा आहे" असं म्हणाले नाहीत, आणि चामर्सही नाही.