१७६६३१९०४९ (संख्या)

एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तील (इ. स. ११५० च्या सुमारास) एका उदाहरणाचे ज्येष्ठ मूळ म्हणून ही संख्या ओळखली जाते. प्रश्न असा : कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग येतो? ज्याचा वर्ग घ्यायचा ती सर्वांत लहान संख्या, म्हणजे कनिष्ठ मूळ, २२,६१,५३,९८० आहे; पुन्हा आलेल्या वर्गाचे वर्गमूळ, म्हणजे ज्येष्ठ मूळ, ही प्रस्तुत संख्या. प्रस्तुत संख्येचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१ इतका येतो. तो १९ अंकी असल्यामुळे साध्या कॅल्क्युलेटरवर ताळा पाहू गेल्यास शेवटचा १ गळून पडतो. त्यापेक्षा कागद-पेन्सिल बरी.

शेजारच्या संख्यांची उत्तरे अगदी किरकोळ आहेत. ६० साठी ४ आणि ३१, ६२ साठी ८ आणि ६३. मधल्या ६१ नेच एवढा घाट घातला आहे.

तरीही भास्कराचार्यांची रीत थोडक्यात आटोपते. ८ च्या वर्गातून ६१ वजा केले की ३ उरतात. चक्रवाल पद्धतीची, म्हणजे एकच कृती फिरून फिरून करत उत्तराकडे जाण्याच्या रीतीची, एक फेरी केली की ३९ व ५ ही जोडी मिळते : ३९² – ६१ × ५² = १५२१ – १५२५ = –४. इथे ब्रह्मगुप्तांची (इ. स. ६२८) ‘भावना’, म्हणजे अशा दोन जोड्यांच्या गुणाकारातून नवी जोडी काढण्याची रीत, उपयोगी पडते. ही जोडी निम्मी करून तिचा भावनेने घन केला की अपूर्णांक नाहीसे होऊन २९७१८ व ३८०५ येतात, क्षेप (म्हणजे वरच्यासारखी उरणारी वजाबाकी) –१. या जोडीची स्वतःशीच भावना केली की क्षेप +१ होतो आणि उत्तर हाती येते. म्हणूनच प्रस्तुत संख्येतून १ वजा केल्यास २ × २९७१८² उरते, १ मिळवल्यास १२२ × ३८०५².

हे सारे स्थानमूल्यावर उभे आहे. प्रस्तुत संख्येच्या शतकस्थानी असलेले शून्य आज कुणाच्या नजरेतही भरत नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना लागणाऱ्या चतुर्भुज मंदिरातील शिलालेखात (विक्रम संवत ९३३, इ. स. ८७६) २७० हात लांब, १८७ हात रुंद फुलबाग आणि रोजच्या ५० माळा यांची नोंद आहे, त्या २७० आणि ५० मधली शून्ये स्पष्ट वाचता येतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांतले पाहुणे किल्ल्यावरचा मानमंदिर राजवाडा, सासबहू मंदिरे पाहून उतरतात. हे एवढेसे देऊळ बहुधा राहून जाते.

युरोपात ६१ चेच उदाहरण फ्रेंच गणिती फर्मा याने १६५७ मध्ये पुढे केले. समीकरणाला नाव मात्र इंग्रज गणिती पेलचे पडले, ज्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

प्रस्तुत संख्या मूळ (अविभाज्य) संख्या नाही : ११ × १६०५७४४५९. तिच्या प्रत्येक अविभाज्य विभाजकाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ३ च उरते. कनिष्ठ मुळाचे अवयव २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१ असून त्याला १४४ विभाजक आहेत. ज्येष्ठ मुळाला कनिष्ठ मुळाने भागले असता ६१ चे वर्गमूळ दशांशचिन्हापुढे १७ घरांपर्यंत अचूक मिळते.