भारताच्या फुटसल संघात खेळायचं असेल तर: सीमाभागातल्या खेळाडूंसाठी पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात आता जागोजागी टर्फ झाले आहेत आणि संध्याकाळी पाच-पाच जणांच्या मॅचेस रंगतात. त्यातली चार चांगली पोरं हेरली की पालक विचारतात, फुटसलच्या, म्हणजे हॉलमधल्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलच्या, वर्ल्ड कपसाठी भारताच्या संघात जायला अर्ज कुठे करायचा?

असा अर्ज नसतो. खेळाडूनं स्वतः भरायचा फॉर्म, ऑनलाइन फी, ‘थेट निवड’ असलं काहीही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे एआयएफएफच्या, पद्धतीत नाही. क्लबमार्फत नोंदणी होते, मग खेळ दिसतो, मग प्रशिक्षक शिबिराला बोलावतात. पैसे भरून भारताची जर्सी मिळवून देतो असं कुणी सांगत आलं, तर त्याला एकच विचारा: स्पर्धा कुणाची? फिफाची असेल तर तिचा रस्ता एआयएफएफमधूनच जातो. फिफाशी संबंध नसलेल्या संघटनाही आपापले ‘वर्ल्ड कप’ भरवतात. उदाहरणार्थ एएमएफ ही वेगळी जागतिक संघटना आहे आणि तिचा फुटसल वर्ल्ड कप वेगळा आहे. तिथे खेळू नये असं नाही, पण तो फिफाचा वर्ल्ड कप नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना पैसे देण्याआधी माहीत असायला हवं.

फिफाचा फुटसल वर्ल्ड कप १९८९ साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला. २०२४ साली तो उझबेकिस्तानात झाला, २४ संघ होते आणि ब्राझीलनं अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला २-१ असं हरवून सहाव्यांदा तो जिंकला. आशियाई देशांना तिथे पोचायचं तर एएफसीच्या, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाच्या, फुटसल आशियाई चषकातून जावं लागतं, आणि त्या चषकाच्या आधी पात्रता फेरी असते. भारत या पात्रता फेरीत पहिल्यांदा उतरला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, ताजिकिस्तानात. म्हणजे आपला संघ अगदी कोवळा आहे. पण २०२४ च्या वर्ल्ड कपमध्ये ताजिकिस्तान आणि अफगाणिस्तान हे दोन देश पहिल्यांदाच खेळले, हेही ध्यानात ठेवा. ज्या खेळात देशाची घडी अजून बसायची आहे, तिथे आत शिरायला जागा असते, आणि म्हणूनच आपल्याकडच्या पोरांनी हे मनावर घ्यावं असं मला वाटतं. मुलींनी तर जास्तच, कारण महिलांचा पहिला फिफा फुटसल वर्ल्ड कप २०२५ साली फिलिपिन्समध्ये १६ संघांचा झाला. त्यांच्यासाठी हे दार नुकतंच उघडलं आहे.

पात्र कोण?

भारताचा नागरिक आणि भारताचा पासपोर्टधारक. फिफाचा नियम असा की, खेळाडूकडे त्या देशाचं कायमचं नागरिकत्व हवं, नुसतं वास्तव्य चालत नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येत नाही. जपानमध्ये जन्मलेल्या इझुमी अराताला भारताकडून खेळण्यासाठी जपानचं नागरिकत्व सोडावं लागलं होतं. एका देशाकडून फुटबॉलच्या अधिकृत स्पर्धेत उतरलेला खेळाडू, मैदानी असो की फुटसल, सहसा दुसऱ्या देशाकडून खेळू शकत नाही. आखातात वाढलेल्या आपल्या मुलांना हे कधीतरी लागू पडतं. जिल्हा, भाषा, शाळेचं माध्यम यांचा पात्रतेशी काडीचाही संबंध नाही.

नोंदणी कुठल्या राज्यात करायची?

सीमाभागात खरा घोळ इथे होतो. बेळगाव जिल्ह्यातले क्लब कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेच्या छत्राखाली येतात. कोल्हापूरचे क्लब कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनमार्फत महाराष्ट्राच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे जोडलेले आहेत. खानापूरच्या पलीकडे गोवा, त्यांची संघटना वेगळी. निपाणीच्या पोराला कोल्हापूर जवळ, गडहिंग्लजला तर फुटबॉलचं वेड, त्यामुळे तिकडच्या क्लबकडून खेळणं साहजिक आहे आणि त्यात गैर काही नाही. नोंदणी घरच्या पत्त्यावर नव्हे, क्लबवर ठरते. फक्त ती एकाच ठिकाणी हवी. एआयएफएफच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत, जिला सगळे सीआरएस म्हणतात, प्रत्येक खेळाडूला एक क्रमांक मिळतो. क्लब बदलला, राज्य बदललं तरी क्रमांक तोच राहतो आणि बदली त्याच प्रणालीतून होते. शनिवारी इकडे एका नावानं, रविवारी तिकडे दुसऱ्या स्पेलिंगनं, असं केलं की एका माणसाच्या दोन नोंदी होतात आणि ऐन निवडीच्या वेळी प्रकरण अडतं.

एक सवलत मात्र फार कमी जणांना माहीत असते. फिफाच्या नियमानुसार खेळाडू एकाच वेळी एका अकराजणांच्या क्लबमध्ये आणि एका फुटसल क्लबमध्ये नोंदलेला असू शकतो. म्हणजे बेळगावच्या लेले मैदानावर अकराजणांचा फुटबॉल खेळणाऱ्यानं फुटसलसाठी आपला क्लब सोडायची गरज नाही. टर्फवर कोचिंग देणारी अकॅडमी म्हणजे नोंदणीकृत क्लब असेलच असं नाही, तेव्हा फी भरण्याआधी सीआरएसमध्ये त्यांची नोंद आहे का आणि फुटसलसाठी आहे का, हे विचारून घ्या. देशपातळीवर क्लबांची फुटसल स्पर्धा एआयएफएफनं २०२१ साली दिल्लीत सुरू केली. प्रशिक्षकांच्या नजरेत भरायचं तर असल्या स्पर्धांतूनच.

आणखी एक, टर्फवरचा खेळ म्हणजे फुटसल नव्हे. फुटसल हॉलमध्ये, टणक फरशीवर, चार नंबरच्या चेंडूनं खेळतात. हा चेंडू कमी उसळतो. दोन मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा ५० ते ६५ सेंटीमीटरच. जाळीला आपटून परत आलेला चेंडू इथे मिळत नाही. तो रेषेबाहेर गेला की बाहेर, आणि बाजूच्या रेषेवरून आत आणताना चार सेकंदांत, पायानंच. एका हाफमध्ये संघाचे पाच फाऊल झाले की सहाव्यापासून प्रतिस्पर्ध्याला भिंतीविना थेट फ्री किक मिळते. जाळीबंद टर्फवर धसमुसळं खेळायची सवय लागलेला खेळाडू इथे संघाला महागात पडतो. म्हणून बास्केटबॉलचं सिमेंट कोर्ट मिळालं तरी तिथे सराव करा.

जन्मदाखला

सगळ्यात जास्त मुलं खेळावर नाही, कागदावर मागे पडतात. क्लबच्या नोंदणीला फोटो, ओळखपत्र आणि जन्मदाखला लागतो, अल्पवयीन असेल तर पालकांची संमती. राज्य संघाच्या निवडीला रहिवासी दाखला मागितला तर तो कर्नाटकात नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, मिळतो. यातला जन्मदाखला हाच कणा आहे.

समजा मुलीचं घर खानापूर तालुक्यात आणि आईचं माहेर चंदगड तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्माची नोंद महाराष्ट्रात. नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नावाचा रकाना कोरा. शाळेत घालताना दाखला हाताशी नव्हता, गुरुजींनी १ जून तारीख लिहिली. पुढे आधार काढलं ते शाळेच्या कागदावरून. शाळेच्या कन्नड-इंग्रजी कागदावर नावापुढे वडिलांच्या नावाचं एकच अक्षर, महाराष्ट्राच्या दाखल्यावर वडिलांचं पूर्ण नाव आणि आडनाव, आणि एकीकडे पाटीलमध्ये दोन ई, दुसरीकडे एक आय. मूल एकच, कागदांवर तीन.

हे सोडवायला क्रम पाळावा लागतो. आधी मूळ नोंद. ती जिथे जन्म झाला तिथल्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत दुरुस्त होते, खानापुरात कितीही हेलपाटे घातले तरी चंदगडची नोंद इथून बदलत नाही. कोरा रकाना नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत भरून घेता येतो, त्यामुळे मुलगी आठवीत गेली तरी नाव घातलं नसेल तर लगेच जा. जन्माची नोंदच नसेल, तर आधी ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्या आणि मग आदेशासाठी अर्ज करा. एक वर्षाहून उशिराच्या नोंदीचा आदेश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. नंतर शाळा. दहावीच्या आत मुख्याध्यापकांकडे जन्मदाखल्यासह अर्ज द्या, कारण एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर तारीख छापून आली की ती बदलणं फार जिकिरीचं होतं. आधार शेवटी. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, ती संधी चुकीच्या कागदाच्या जोरावर वाया घालवू नका. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे. नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडलं म्हणून मूळ नोंद बदलत नाही.

वय मुद्दाम कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वयोगटाच्या स्पर्धांत एआयएफएफ मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासते. खोटं उघडं पडलं की मुलाचं नाव कायमचं खराब होतं, आणि सल्ला देणारा तेव्हा कुठेच नसतो. राष्ट्रीय वरिष्ठ संघाला तर वयाची वरची मर्यादाच नाही.

पासपोर्ट

शिबिराचं बोलावणं येईपर्यंत थांबू नका. बेळगावात टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, हुबळीतही केंद्र आहे, आणि २०१८ पासून देशातल्या कुठल्याही केंद्रावर अर्ज करता येतो. निपाणीकरांना कोल्हापूर सोयीचं असेल तर ऑनलाइन अर्जात तिकडच्या केंद्राचं पासपोर्ट कार्यालय (पुणे) निवडायचं, पोलिस पडताळणी मात्र अर्जावरच्या पत्त्यावर होते. ३६ पानी पासपोर्टला प्रौढांसाठी १,५०० रुपये आणि अल्पवयीनांसाठी १,००० रुपये लागतात, तत्काळला वर २,००० रुपये. अल्पवयीनासाठी आई-वडील दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट ‘ड’ जोडावं लागतं. नाव आणि आडनावाचे रकाने वेगळे असतात, तिथे जन्मदाखल्यावरचं नाव जसंच्या तसं फोडून भरा, शाळेच्या पद्धतीनं अक्षर लावू नका.

अल्पवयीनाचा पासपोर्ट सहसा पाच वर्षं किंवा अठरावं वर्ष पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालतो; पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना मात्र प्रौढांची फी भरून दहा वर्षांचाही घेता येतो. अनेक देश प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, तेव्हा सतरावं सरत आलं की नूतनीकरणाची तयारी सुरू करा.