सर्व्हिंग सारा

'सर्व्हिंग सारा' हा २००२ सालचा अमेरिकी विनोदी चित्रपट. दिग्दर्शक रेजिनाल्ड हडलिन, प्रमुख भूमिकांत मॅथ्यू पेरी आणि एलिझाबेथ हर्ली. पॅरामाउंटने तो २३ ऑगस्ट २००२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित केला. समीक्षकांनी त्याची सालटी काढली आणि प्रेक्षकही फिरकले नाहीत.

नवरा-बायकोपैकी घटस्फोटाची नोटीस कोण आधी बजावतो, या एका शर्यतीवर सगळी कथा उभी आहे. जो टायलर (पेरी) न्यूयॉर्कमध्ये लोकांना गाठून कोर्टाचे कागद हातात ठेवण्याचा धंदा करतो. आपल्याकडे हे काम कोर्टाचा बेलिफ करतो. तिकडे परवाना काढून खासगी माणसेही करतात. जो साराला गाठतो. तिचा नवरा गॉर्डन (ब्रूस कॅम्पबेल) टेक्सासमधला गडगंज गुरेवाला, आणि त्याचे दुसरीकडे सूत जुळलेले. खटला टेक्सासात चालला तर आपल्या पदरी काहीच पडणार नाही, न्यूयॉर्कात चालला तर घसघशीत वाटा मिळेल, असा साराचा हिशेब. म्हणून ती जोला दहा लाख डॉलर देऊ करते: माझ्यावरची नोटीस विसर, माझी गॉर्डनवर बजाव. जोचा मालक रे (सेड्रिक द एंटरटेनर) मग टोनी नावाच्या दुसऱ्या माणसाला त्यांच्या मागे सोडतो.

गंमत अशी की, कायद्याची बाजू जवळजवळ उलटी आहे. टेक्सास हे सामाईक मालमत्तेचे राज्य. लग्नानंतरची कमाई तिथे दोघांची धरतात. स्पॅनिश अमलाचा हा वारसा. न्यूयॉर्कात १९८० पासून 'न्याय्य वाटणी' चालते, आणि न्याय्य म्हणजे निम्मी असेलच असे नाही. एकाला वारशाने आलेली जमीन सहसा दोन्हीकडे त्याचीच राहते. टेक्सास कंजूष आहे ते पोटगीत. घटस्फोटानंतरची पोटगी सक्तीने द्यायला लावण्याचा अधिकार तिथल्या कोर्टांना १९९५ साली मिळाला, तोही हात आखडून: चित्रपट आला तेव्हा कमाल मर्यादा महिना २,५०० डॉलर किंवा देणाऱ्याच्या एकूण उत्पन्नाच्या २० टक्के, यांतले जे कमी असेल ते, मुदत साधारणपणे तीन वर्षे. उलट न्यूयॉर्कात, जोडीदाराचा दोष न दाखवता एकतर्फी घटस्फोट मागायची सोय २०१० पर्यंत नव्हती. या खऱ्या तरतुदींत विनोदाला भरपूर वाव होता. पटकथेने त्यांना हातही लावला नाही.

हात लावला तो भलतीकडे. चित्रपटातला सर्वांत कुप्रसिद्ध प्रसंग टेक्सासातला: पशुवैद्याचे सोंग घेतलेल्या जोला, उत्तेजित न होणाऱ्या वळूच्या गुदद्वारात हात घालून 'उपचार' करावा लागतो. बऱ्याच परीक्षणांना बोलायला हाच प्रसंग पुरला. नोटीस बजावण्याच्या युक्त्या, म्हणजे कोणत्या बहाण्याने माणसाला दारापर्यंत आणायचे, कागद हातात कसा सरकवायचा, हा सुरुवातीचा भाग त्यामानाने चटपटीत आहे. पण जोडी टेक्सासला निघाली की पाठलाग आणि आदळआपट एवढेच उरते. पेरी-हर्ली यांच्यातले प्रेम तर पटकथेत लिहिले आहे म्हणून होते.

चित्रीकरणही अडखळतच झाले. डॅलसमध्ये काम सुरू असताना, २००१च्या फेब्रुवारीत, पेरी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला आणि चित्रीकरण थांबवावे लागले. त्याच काळात तो 'फ्रेंड्स' या दूरचित्रवाणी मालिकेतही काम करत होता. आपले उच्चार अडखळत असल्याने संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले, असे त्याने २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे.

सुमारे २.९ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने अमेरिकेत जेमतेम १.७ कोटी मिळवले. गॉर्डनच्या प्रेयसीच्या छोट्या भूमिकेत त्यात एमी ॲडम्स आहे. तिला पुढे सहा वेळा ऑस्कर नामांकन मिळाले.